धडधडीचं माहेर

बोंडे मॅडम कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसाकडे बघायच्या आणि मग फ्रिजवर हात फिरवायच्या. फ्रिजच्या आत नव्हे, वर. उंची बेताची, त्यामुळे टाचा उचलून, डावा हात फ्रिजच्या दाराला टेकवून, उजव्या हाताने वरची चाचपणी चालायची. आपल्याकडे घरातली सगळी औषधं तिथेच असतात, जिलेबीच्या रिकाम्या खोक्यात नाहीतर कापडाच्या दुकानातल्या पिशवीत. माझ्या मुलाच्या बारशाला त्यांना बोलावलं, तर पाळण्याकडे जाण्याआधी बाईंनी आमच्या फ्रिजवरून अँटिबायोटिकची पट्टी काढली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "महाजन, यातल्या अर्ध्या कुणी खाल्ल्या, आणि अर्ध्या का नाही खाल्ल्या?"

खाल्ल्या मीच होत्या. उरलेल्या खाल्ल्या नाहीत, कारण बरं वाटलं. माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि हळूच उठून स्वतःची गोळ्यांची डबी बाळाच्या दुपट्याखाली सरकवली. मॅडमनी ती तिथूनही काढली.

जिल्ह्यातल्या सगळ्या ॲम्ब्युलन्स एका नंबराखाली आल्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. सरकारी कागदावर त्याला 'एकत्रीकरण' असा भारदस्त शब्द होता. त्याआधी ट्रस्टची व्हॅन वेगळी, खाजगी दवाखान्याची वेगळी, कुठे पंचायतीची जीप. मी खाजगी दवाखान्याच्या गाडीवर होतो. आमचे ड्रायव्हर अन्वरभाई ट्रस्टच्या व्हॅनमधून आलेले. एकत्रीकरण म्हणजे काय, तर आम्हा सगळ्यांना एकाच रंगाचा शर्ट मिळाला. बाकी कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. पेशंटला उचलायचं कुणी आणि सलाइन धरायचं कुणी यावरून आमची भांडणं पेशंटच्या अंगणात व्हायची, आणि पेशंटचे नातेवाईक ती मन लावून ऐकायचे.

आम्हाला शिकवायला बोंडे मॅडम आल्या. इंदूरला हृदयविकाराच्या डॉक्टर म्हणून जन्म गेला होता, निवृत्त होऊन बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या भावाच्या घरी राहायला आल्या होत्या. सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि भाजीच्या पिशवीत स्टेथोस्कोप. कधीकधी त्याला मेथीची पानं चिकटलेली असत. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "तुम्हाला डॉक्टर नाही करायचं मला. तुम्हाला भोचक करायचं आहे."

त्यांचा आवडता विषय व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. म्हणजे आमच्या बोलण्यात व्हीटी. हृदयाचे खालचे कप्पे वरच्यांचं ऐकेनासे होतात आणि आपल्या मनाने सुसाट पळत सुटतात. बुऱ्हाणपूरच्या पोरांना हे समजवायला मॅडमना चित्र काढावं लागलं नाही. "पावरलूम ऐकलाय ना? शेठ वर गादीवर बसलाय, खाली लूम बेभान सुटलाय. खडखडाट एवढा, की बाजूच्या गल्लीत झोप लागणार नाही. पण सूत तुटलेलं. कापड किती निघून राहिलं? काहीच नाही. व्हीटीत हृदय तेच करतं. धावतं खूप, रक्त पुढे जात नाही."

मग लूम बंद कसा करायचा ते शिकवलं. नाडी लागते का बघा, शुद्ध आहे का बघा, रक्तदाब बघा. माणूस कोसळत असेल तर विजेचा झटका, सावरलेला असेल तर औषध. हे आम्ही पटापट पाठ केलं. पण मॅडमचं तेवढ्याने भागायचं नाही. "ही बया तुमच्या दारात आली, आदळआपट करून राहिली. ठीक आहे, बसवली तुम्ही तिला. आता विचारा, बाई तुझं माहेर कुठलं? ते नाही विचारलं, तर अर्ध्या तासाने परत येईल, आणि येताना सामान घेऊन येईल."

व्हीटीची माहेरं पुष्कळ. कधी हृदयाच्या नळीत त्या घटकेला गाठ अडकलेली असते, कधी जुन्या अटॅकचा डाग सुकून राहिलेला असतो आणि वीज त्या डागाला वळसे घालत फिरते. कधी स्नायूच फुगून सैल झालेला, कधी जन्मापासूनच वायरिंग वेगळं. शॉक लागलेला माणूस, श्वास अपुरा पडणारा माणूस, कुणा वैद्याच्या पुडीतून शुद्ध न केलेला, विषारी बचनाग पोटात गेलेला माणूस. आणि डॉक्टरांनीच दिलेली औषधं. हे सांगताना मॅडम आवाज खाली आणायच्या, जणू घरातलीच भानगड सांगताहेत. शेवटी रक्तातले क्षार, त्यातही पोटॅशियम आणि मॅग्नेशियम.

इथे मी हात वर केला. मला वर्गात हुशार दिसायची वाईट खोड होती. म्हणालो, "मॅडम, पोटॅशियम कमी झालेला माणूस आपल्या जिल्ह्यात सापडणं कठीण आहे. केळ्यात तेच असतं, आणि इथे गाईसुद्धा केळी खातात."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "गाईचं सांगितलंस, बरं केलंस. आता माणसांचंही कधीतरी बघून ये."

माझ्या हुशारीची पहिली जाहीर फजिती मात्र केळ्यावर नव्हती, तंबाखूवर होती. धूलकोटकडच्या एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होतं. मॅडम अधूनमधून आमच्याबरोबर गाडीत यायच्या, तशा त्या दिवशी पुढे अन्वरभाईंच्या शेजारी बसल्या होत्या. मी मागे म्हाताऱ्याच्या छातीवर चकत्या चिकटवल्या, वायरी जोडल्या, आणि मॉनिटरवर बघतो तर काय, रेषा करवतीसारखी. रुंद, उंच, एकामागोमाग एक. आयुष्यातली पहिली खरी व्हीटी. माझ्या स्वतःच्या छातीत जे झालं तेही बहुधा तेच असावं.

"अन्वरभाई, गाडी रोको," मी ओरडलो. "मॅडम, व्हीटी. झटका चार्ज करतोय."

गाडी थांबली. मशीन शिट्टीसारखा आवाज करत भरायला लागलं. मॅडमनी मधल्या खिडकीतून डोकं आत घातलं, मॉनिटरकडे पाहिलंच नाही, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "महाजन, ज्याला तू झटका देऊन राहिला, तो तंबाखू मळून राहिला."

खरंच. म्हातारा चादरीखाली डाव्या तळहातावर तंबाखू-चुना घेऊन उजव्या अंगठ्याने रगडत होता. अंगठा चालला की करवत चालायची, अंगठा थांबला की रेषा देवघरातल्या समईसारखी. मी त्याच्या तळहाताकडे बघत राहिलो. म्हाताऱ्याला वाटलं मला हवी आहे. त्याने तळहात पुढे केला.

"घे भाऊ," तो म्हणाला. "घाम फुटला तुले."

अन्वरभाईंनी ही गोष्ट आठवड्याभरात खकनारपर्यंत पोहोचवली. चहाच्या टपऱ्यांवर मला विचारणा व्हायची, "क्या महाजन, आज किसकी तंबाखू बचाई?" मॅडमनी मात्र वर्गात एवढंच सांगितलं, "मशीनला हात-पाय-अंगठा कळत नाही. ते तुमच्या डोळ्यांनी बघायचं. महाजनने ते आपल्या सगळ्यांसाठी एकदा करून पाहिलं, त्याचे आभार." टाळ्या वाजल्या. मला आभारही मानावे लागले.

यानंतर मी फार सावध झालो असेन असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

मग एका दुपारी कॉल आला तो थेट माझ्या मामांच्या घरचा. भास्करमामा खकनारजवळच्या एका गावात राहायचे, केळीचे मोठे बागायतदार. धाकट्या मुलीचं, कल्पनाचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मामांना आदल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, त्याची गोळ्या-औषधं चालू होती, पण ही गोष्ट धूलकोटच्या व्याह्यांना कळता कामा नये असा त्यांचा घरात कडक हुकूम होता. मुलीचा बाप आजारी म्हटलं की लोक नाही नाही ते बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

पोहोचलो तेव्हा मामा ओसरीवर बाजेवर पडलेले. मांडव अर्धा घातलेला. भिंतीलगत केळीचे घड रचलेले, इतके, की बाजेकडे जायला आडवं व्हावं लागलं. मामींनी सांगितलं, सकाळपासून दोनदा डोळे फिरवले. मामा म्हणाले, "काही नाही रे बबन, ऊन लागलं. चहा घे."

वायरी जोडल्या. यावेळी आधी दोन्ही अंगठे तपासले. स्वस्थ होते. रेषा थोडा वेळ बरी चालली आणि मग अचानक सुटली, खरीखुरी, दोनपाच सेकंद, आणि मामांची नजर वर गेली. मग आपोआप थांबली. मामा म्हणाले, "चहात साखर कमी घालतात हल्ली."

माझं डोकं चालू होतं, हीच पंचाईत. जुना अटॅक, जुना डाग, डागाला वळसा घालणारी वीज. माहेर सापडलं. मी अमिओडॅरोनचं इंजेक्शन काढलं. आमच्याकडे व्हीटीला नेहमी तेच.

मॅडम त्या दिवशीही आमच्या गाडीत होत्या, आणि पोहोचल्याबरोबर ओसरीच्या दारातून आत फ्रिजकडे गेल्या होत्या. तिथून आवाज आला, "महाजन, माहेर?"

"जुना डाग, मॅडम."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"पोटॅशियम?"

मी हाताने भोवतालचं दाखवलं. "मॅडम, घर बघा."

तेव्हा मामी म्हणाल्या, "हे कुठे खातात केळं? माझं लग्न झाल्यापासून मी पाहिलं नाही."

"आपल्याच मळ्यातलं काय खायचं?" मामा बाजेवरून म्हणाले. "दिवसभर तेच बघतो. आणि कफ होतो मला."

माझ्या हातातलं इंजेक्शन हातातच राहिलं. मॅडम बाहेर आल्या, त्यांच्या हातात जिलेबीचं खोकं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मॉनिटरमधून निघालेली कागदाची पट्टी उन्हात धरली. "ही सरळ धावणारी नाही. हिला पीळ आहे, दोरीसारखा. आणि मधल्या शांत ठोक्यांकडे बघ. ठोक्यामागची टेकडी चपटी झालीय, तिच्या मागे दुसरी छोटी टेकडी आलीय, अंतर ताणलंय. डागाची व्हीटी अशी दिसत नाही. हे क्षारांचं काम आहे. तुझं ते इंजेक्शन हे अंतर आणखी ताणेल आणि मामा हातचे जातील. ठेव ते. मॅग्नेशियम भर."

मी ठेवलं. मॅग्नेशियम भरताना अन्वरभाईंनी माझं मनगट स्थिर धरलं. आमची त्याआधी तीन महिने बोलचाल नव्हती.

मॅडमनी तोवर खोक्यातली एक पट्टी वर उचलली. लघवी जास्त होण्याची गोळी, पायाची सूज उतरावी म्हणून दिलेली; लघवीबरोबर पोटॅशियमही वाहून नेणारी. "ही रोज एक आहे ना? मग पट्टी इतकी रिकामी कशी?"

मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी केळ्यांकडे पाहिलं. मॅडमची नजर बाजेखाली गेली. तिथे जरीकाम केलेला नवा कोरा मोजडीचा जोड होता.

"कुणाचा?"

"व्याह्यांनी पाठवला," मामी म्हणाल्या. "मानाचा. मांडवात घालायचा. पाय जात नाही त्यात, सूज आहे ना. म्हणून सकाळी एक, दुपारी एक..."

"संध्याकाळी अर्धीच घेतो," मामा म्हणाले. "आणि आता अंगठा जातो."

एवढं बोलले आणि ती बया परत आली. यावेळी थांबली नाही. मामांचा चेहरा राखेसारखा झाला, नाडी गेली. झटका द्यावाच लागला, आणि तो मी दिला. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी शनवाऱ्याचा बाजार पाहिला होता, त्याच्या छातीवर. तो क्षण कसा होता ते मला लिहिता येत नाही, आणि मला बहुतेक गोष्टींवर लिहिता येतं. मग रेषा जागेवर आली. मामांनी डोळे उघडले, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "कुणी मारलं रे?"

"मी," मी म्हणालो.

"लहानपणापासून तसाच आहेस."

दवाखान्यापर्यंत मॅग्नेशियम चालू होतं आणि मॅडमचा हात मामांच्या मनगटावर. तिथे रक्त तपासलं, पोटॅशियम अगदी तळाला गेलेलं. हळूहळू सलाइनमधून चढवलं. दुसऱ्या दिवशी मामा उठून बसले आणि केळं आणून दिल्याबद्दल नर्सशी भांडले. तिथल्या डॉक्टरांनी गोळी बंद केली, लग्नापुरतं घरी सोडायचं कबूल केलं, आणि आमच्या दृष्टीने विषय संपला.

मॅडमच्या दृष्टीने संपला नव्हता. त्यांनी मामांना विचारलं, "मांडवात काय घालणार?"

"जोडा."

"पाय जातो?"

"त्या दिवशी जाईल," मामा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "हा माणूस घरी जाऊन गोळ्या खाणार. मोटरसायकल काढ. धूलकोट."

मी हातापाया पडलो. मामांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत, लग्नही मोडेल, व्याही तिरसट आहेत असं ऐकलंय. मॅडम मागे बसल्या, पांढरे बूट फुटरेस्टवर ठेवले आणि म्हणाल्या, "मी तुझ्या मामांचं नावसुद्धा काढणार नाही. नुसती चहाला जाते."

व्याही खरोखर तिरसट दिसत होते. मोठ्या मिशा, खाटेवर पाय वर घेऊन बसलेले. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, नमस्कार केला, आणि सरळ फ्रिजकडे निघाल्या. अनोळखी घर, लग्नघर. टाचा उचलल्या, हात फिरवला आणि खाली आणली ती एक मलमाची नळी आणि कापसाचं पुडकं.

"पायाला काय लागलं?" त्यांनी विचारलं.

व्याह्यांच्या मिशा एकदम खाली आल्या. त्यांनी आत बायको नाही ना याची खात्री केली आणि पाय पुढे केले. दोन्ही टाचांना फोड. "काय सांगू बाई. दोघा व्याह्यांना एकाच दुकानातून, एकाच मापाची मोजडी घेतली. मानपान सारखा पाहिजे ना. दुकानदार म्हणे, वापरून सैल होईल. आठ दिवस घालून राहिलो घरात. आता त्या व्याह्यांनी ती घातली आणि मी नाही घातली, तर माझी काय राहील?"

मॅडमनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "तुम्हीच निरोप पाठवा. देवाब्राह्मणासमोर उभं राहायचं तर दोन्ही बाप अनवाणी राहतील. मोठ्या मनाचे दिसाल."

व्याही मोठ्या मनाचे दिसायला त्याच घटकेला तयार झाले. निरोप मामांच्या घरी गेला, आणि आम्ही पोहोचण्याआधी घरच्यांनी तो दवाखान्यात आणला होता. मामा गादीवर मांडी घालून बसले होते, मामींना सांगत होते, "व्याही म्हणजे काय माणूस आहे. इतका साधा."

लग्नात दोघे अनवाणी उभे राहिले. मामा मधूनमधून पायांकडे बघायचे, सुजलेले होते, पण मांडवातल्या धुळीत कुणाला दिसतंय. मॅडम पंगतीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी विचारलं, "मॅडम, मग यांच्या व्हीटीचं कारण काय लिहायचं? पोटॅशियम का गोळी का जोडा?"

"तुला कुठे थांबायचंय त्यावर आहे," त्या म्हणाल्या आणि वाढप्याला वरण वाढायला सांगितलं.

पुढे एकत्रीकरण पुरतं झालं. सगळं शिकवणं भोपाळहून पडद्यावर यायला लागलं, आणि आमचा वर्ग भरायचा त्या हॉलला कुलूप लागलं. मॅडम मुलीकडे नाशिकला निघाल्या. स्टेशनावर अन्वरभाई होते, मी होतो आणि मामा होते, पायात साध्या चपला घालून. गाडी दिसायला लागली तेव्हा मामा म्हणाले, "मॅडम, आता माझं कोण बघणार?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलतील.

"हा बघेल," त्या म्हणाल्या. "पण याला उत्तर फार लवकर सापडतं. तेव्हा हा काही विचारेल, तर तुम्ही जरा उशिरा सांगत जा."

मामांनी ते डॉक्टरांचं पथ्य म्हणून घेतलं. मॅडम वारल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली; त्यांच्या मुलीने फोनवर कळवलं होतं. मामांचं पथ्य मात्र चालू आहे. मी जातो, ओसरीवर बसतो, विचारतो, "मामा, बरं आहे ना?" मामा बोलत नाहीत. पान लावतात, मळ्याकडे बघतात, एखादा येणारा-जाणारा निरखतात. मला तेवढा वेळ दुसरं काही काम नसतं. मग मी त्यांचा श्वास बघतो, नखांचा रंग बघतो, पाय बघतो, बाजेवर उशा किती रचल्या आहेत ते बघतो. बऱ्याच वेळाने मामा म्हणतात, "बरं आहे." तोवर ते खरं आहे का, हे मला कळलेलं असतं.